चार दिवस कमी

प्यो मॅडमनी दुसऱ्यांदा मोजायला घेतलं, तेव्हा ओक-जू खुर्चीत पुढे सरकली.

पहिल्यांदा त्यांनी नुसत्या नजरेने मोजलं होतं. आता हातात पेन्सिल होती. टेबलावर ओक-जूच्या येण्याजाण्याचा सरकारी दाखला होता. गेल्या चार वर्षांत ती कोणत्या तारखेला कोरियात उतरली, कोणत्या तारखेला परत हनोईला गेली, सगळं त्यात होतं. प्यो मॅडम एकेका ओळीवर पेन्सिलीचं टोक टेकवत खाली आल्या. मग पुन्हा वर गेल्या.

प्रवेशाचा सल्ला देणाऱ्या प्यो मॅडमची ही खोली पाचव्या मजल्यावर होती. खाली राजधानीतल्या देची-दोंगचा रस्ता आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना शिकवण्यांच्या इमारती. भिंतीपलीकडे वर्ग चालू होता. त्या वर्गात ओक-जूची मुलगी दा-ओन बसली होती.

"दा-ओनच्या आई, तुम्ही हे दिवस कसे मोजलेत?"

"कॅलेंडरवर."

"कुठल्या महिन्यापासून?"

"जानेवारीपासून." ओक-जू म्हणाली. "वर्ष जानेवारीपासूनच धरायचं ना?"

प्यो मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली.

"नाही हो. मुलीच्या इयत्तेचं वर्ष धरतात. मार्च ते फेब्रुवारी."

नियम ओक-जूला पाठ होता. आईवडिलांबरोबर परदेशात राहून ज्या मुलांनी तिथे तीन इयत्ता पूर्ण केल्या, त्यांच्यासाठी विद्यापीठांत वेगळ्या जागा असतात. त्यांची लेखी परीक्षाही वेगळी. पण मूल एकटं राहून चालत नाही. आईला आणि बापालाही दर वर्षातले दोन तृतीयांश दिवस तिकडेच काढावे लागतात. म्हणजे वर्षाकाठी आईला मायदेशात जास्तीत जास्त एकशे एकवीस दिवस राहता येतं. एकशे बाविसावा दिवस चालत नाही.

हे सगळं तिला माहीत होतं. वर्ष कुठून सुरू होतं, एवढंच तिने कुणाला विचारलं नव्हतं.

"नववी ठीक आहे. अकरावी ठीक आहे," प्यो मॅडम म्हणाल्या. "दहावीच्या वर्षात एकशे पंचवीस होतात. जायचे-यायचे दिवस मी तुमच्या बाजूने धरलेत, तरी एकशे पंचवीस."

ओक-जूने दाखला आपल्याकडे फिरवला. मे महिन्यात पाच दिवस, सासूबाईंचा वाढदिवस. छुसकच्या सणाला नऊ दिवस. आणि मग तो हिवाळा. दहा नोव्हेंबर ते अठ्ठावीस फेब्रुवारी, एकशे अकरा दिवस. तिच्या कॅलेंडरवर हा हिवाळा एकतीस डिसेंबरला तुटत होता. अर्धा या वर्षात, अर्धा त्या वर्षात. दोन्ही वर्षं साठ-सत्तरच्या घरात राहत होती आणि ती निश्चिंत होती. नियमात हिवाळा अख्खा होता.

"चारच दिवस," ती म्हणाली.

"चारच," प्यो मॅडम म्हणाल्या. "गेल्या वर्षी एकीचे दोन कमी पडले होते."

"मग?"

त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"नीट ऐका. मुलीला या वर्षी अर्ज सहाच करता येतात. या वेगळ्या प्रवेशाला टाकलेला अर्ज त्या सहांतलाच. अपात्र ठरला तरी तो गेला. सहाही इथे टाकले आणि सहाही फेटाळले, तर सप्टेंबरच्या सर्वसाधारण प्रवेशाला तुमच्या हातात काही उरत नाही."

"आणि कागद जोडला तर? सासूबाई आजारी होत्या. अर्धांगवायूचा झटका आला होता त्यांना. हॉस्पिटलचे कागद आहेत."

"जोडा. समिती बघेल. मी वीस वर्षं हे काम करतेय. काय होईल ते मी सांगणार नाही."

"तुम्ही काय कराल माझ्या जागी?"

"मी सल्ला देऊनच पोट भरते, दा-ओनच्या आई. पण यात नाही देणार. शुक्रवारी संध्याकाळी पाचला अर्ज बंद होतात. आज सोमवार. आधी मुलीला सांगा."

ओक-जू उठली. नमस्कारासाठी वाकली. दाराशी गेल्यावर तिला आठवलं की दाखला टेबलावरच राहिलाय. ती परत आली, दाखला घेतला, पुन्हा वाकली.

*

साडेबाराला दा-ओन खाली आली. हातात प्रश्नपत्रिकांची चळत, कानामागे पेन. इमारतीच्या मागे जिन्याखाली सावली होती. तिथे आया डबे घेऊन उभ्या राहत. झाडांवर किरकिऱ्या किड्यांचा असा कल्लोळ होता की बोलायला आवाज चढवावा लागे.

"आई, चेहरा असा का? प्यो मॅडमनी चावलं का काय?"

"उकडतंय."

"हनोईत नव्हतं उकडत?" दा-ओनने डबा उघडला. "अंड्याची पोळी! आज गणितात वीसपैकी एकोणीस. एक चुकलं ते पण वेंधळेपणानं. ती चेन्नईहून आलेली मुलगी आहे ना, तिचे वीस. ती दह्याशिवाय भात खात नाही. सर म्हणाले, उद्यापासून सगळ्यांनी दही खा."

"तू नीट चाव आधी."

"कागद झाले का पक्के?"

ओक-जूने थर्मासचं झाकण फिरवलं. जवाच्या चहाचा पेला भरला. दा-ओनच्या हातात दिला.

"बघतायत त्या," ती म्हणाली.

हे खोटं नव्हतं. तरी थर्मासचं झाकण लावताना तिने वर बघितलं नाही.

*

ओक-जू स्वतः या परीक्षांच्या वाटेला कधी गेलीच नव्हती. इम्सिलजवळच्या खेड्यातली चार बहिणींतली ती तिसरी. मुलींच्या वाणिज्य शाळेतून बाहेर पडली आणि दोन वर्षांनी जोंजूच्या एका प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. तिथे सतरा वर्षं. सहाशे चाळीस मुलांचा भात, रस्सा, तीन तोंडीलावणी. तांदूळ किती, पाणी किती, हे तिने कधी कागदावर लिहिलं नाही. भात कधी उरला नाही, कधी कमी पडला नाही. मुख्याध्यापक पाहुण्यांना तिच्याकडे घेऊन यायचे आणि तिच्या आडनावाने म्हणायचे, "आमच्या थाक बाईंचा अंदाज बघा."

नवऱ्याला, सोक-ह्वानला, हनोईजवळच्या कारखान्यात धाडलं तेव्हा दा-ओन आठवीत होती. तो म्हणाला, मी एकटाच जातो. बरेच बाप तसेच जात. बायको-मुलं एका देशात, बाप दुसऱ्या देशात. ओक-जू म्हणाली, नाही, सगळे जाऊ. नोकरी सोडताना ती रडली होती. दा-ओन तिथल्या कोरियन शाळेत जाऊ लागली. तेच धडे, तोच गणवेश, फक्त खिडकीबाहेर दुसरा देश.

तिथे दुसऱ्याच महिन्यात आयांच्या चहापानात तिला त्या वेगळ्या प्रवेशाचं आणि त्या दिवसांचं कळलं. घरी आल्यावर तिने कपड्यांच्या कपाटाच्या दाराला आतून कॅलेंडर लावलं. मायदेशात घालवलेल्या दिवसांवर पेन्सिलीने बारीक ठिपका. दार बंद केलं की कुणाला दिसायचं नाही.

लपवण्याचं कारण साधं होतं. सासर नामवॉनला. सासूबाई एकट्या. थोरली नणंद मल-सुन गावातच खाणावळ चालवायची, चिखलातल्या छोट्या माशांच्या कालवणाची. सणाला सून यायची, किमची घालायच्या दिवसांत यायची, पितरांच्या दिवशी यायची. ती सून कपाटात ठिपके मोजते हे कळलं असतं तर काय बोललं गेलं असतं, ते ओक-जूला न ऐकताच ऐकू यायचं. म्हणून तिने कुणाला विचारलं नाही. नवऱ्याला नाही, शाळेत नाही, त्या आयांनासुद्धा नाही. एकीला विचारलं असतं तर चौघींना कळलं असतं, आणि त्यांतल्या एकीचं माहेर नामवॉनचं होतं.

सोमवारी संध्याकाळी तिने सोक-ह्वानला फोन लावला. त्याच्यामागे यंत्रांचा आवाज येत होता.

"चार दिवस?" तो म्हणाला. "चार दिवसांसाठी कोण नाकारतं?"

"दोन दिवसांसाठी नाकारलंय गेल्या वर्षी."

"तू मोजत होतीस म्हणालीस ना?"

"मोजत होते."

"मग?"

त्याच्यामागची यंत्रं चालूच होती.

"अहो, मी चुकले."

"बरं. ऐक. नामवॉनला जा, हॉस्पिटलचे कागद आण. आईला काही कळू देऊ नकोस. तिला वाटेल तिच्यामुळेच झालं."

"आणि दा-ओनला?"

"तिला तर मुळीच नको. तिची परीक्षा आहे."

*

बुधवारी सकाळी ती नामवॉनच्या बसमध्ये बसली. दा-ओनला सांगितलं, आजीची तब्येत बघून संध्याकाळी येते.

वाटभर ती बोटांवर मोजत राहिली. आकडा तिला पाठ झाला होता, तरी दर वेळी वाटायचं, नोव्हेंबरात एखादा दिवस दोनदा धरला गेला असेल. बोटं एकशे पंचवीसवरच थांबायची. शेजारचा म्हातारा म्हणाला, "जपाची माळ विसरलात वाटतं?" ती हसली आणि हात मांडीखाली घेतले.

हॉस्पिटलातून कागद मिळायला एक तास लागला. नणंदेच्या खाणावळीत ती पोचली तेव्हा जेवणाची गर्दी ओसरली होती. मल-सुन मोठ्या पातेल्यात पळा फिरवत होती.

"आली का राजधानीची बाई! बुधवारची कशी काय? कोण मेलं?"

"कुणी नाही, वन्सं. कागद हवे होते हॉस्पिटलचे."

"कशाला?"

ओक-जूने काहीतरी दुसरं ठरवून ठेवलं होतं. विम्याचं की कसलं तरी. ते तोंडापर्यंत आलं आणि तिथेच विरलं. तिने सगळं सांगितलं. उभ्याउभ्याच, पातेल्याकडे बघत. एकशे एकवीस, एकशे पंचवीस, शुक्रवार.

मल-सुनचा पळा थांबला.

"थांब. त्या फेब्रुवारीत तू तेवीस तारखेला निघणार होतीस."

"हो."

"मी म्हटलं, शनिवारी शाळेचे साठ माजी विद्यार्थी जेवायला येणार आहेत, आईकडे कोण बघेल, पाच दिवस अजून थांब."

ओक-जूने कागदांची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"म्हणजे ते माझे पाच दिवस?"

"वन्सं, तसं नाही..."

"तसंच आहे. माझं डोकं कालवणाचं असलं तरी एवढं कळतं त्याला." मल-सुनने गॅस बंद केला. तिचा आवाज चढला. "तोंड नव्हतं का तुला? म्हणायचं ना, वन्सं, पोरीच्या शाळेची अडचण आहे, मी जाते!"

"म्हटलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

"म्हटलं असतं, सासू अंथरुणात पडलीय आणि ही बया दिवस मोजतेय."

"तेच तर."

"म्हटलं असतं!" मल-सुनने फडक्याने हात पुसले. पुसून झाल्यावरही पुसत राहिली. "पण जाऊ दिलं असतं."

ओक-जूने तिच्याकडे बघितलं.

"नसतं दिलं," मल-सुन म्हणाली.

आतल्या खोलीचं सरकतं दार थोडं उघडं होतं. दुपारी सासूबाई तिथेच असायच्या, पंख्याखाली. झटक्यानंतर उजवी बाजू अजून जड होती आणि शब्द एकेक करून यायचे.

"किती... कमी?"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"आई, तू झोप," मल-सुन म्हणाली.

"बहिरी... नाही झाले. किती?"

"चार," ओक-जू म्हणाली.

सासूबाईंनी डाव्या हाताने अंगावरची चादर सारली. पंखा फिरत होता.

"मी... डिसेंबरात... गेले असते तर?"

"आई!" मल-सुन ओरडली.

"हिशोब... विचारतेय नुसता. मयताला... दिवस थोडे लागतात."

ओक-जूला हसू फुटलं. नको तेव्हा फुटलं आणि थांबेना. ती उंबऱ्यावर बसली, तोंडावर हात धरला. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मल-सुनने पेलाभर पाणी तिच्याजवळ आदळलं आणि पाठमोरी झाली.

"पोरीला... सांगितलंस?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आई. तिची परीक्षा आहे."

"मला सांगितलंस. तिला नाही. परीक्षा... माझी आहे का?"

मल-सुनने दोन डबे कालवण भरून दिलं. एक प्लास्टिकच्या पिशवीत, तो पुन्हा दुसऱ्या पिशवीत. बसस्टँडपर्यंत सोडायला आली. बस सुटताना काचेवर टकटक करून म्हणाली, "त्या विद्यापीठवाल्यांना माझा नंबर दे. मी बोलते त्यांच्याशी."

*

गुरुवारी सकाळी नऊच्या ठोक्याला ओक-जूने एका विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला फोन लावला. दा-ओनला जिथे जायचं होतं ते. तिला भूगोलाची शिक्षिका व्हायचं होतं. त्या विभागात वेगळ्या जागा दोनच होत्या.

फोनवर तरुण मुलीचा आवाज होता. तिने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा म्हणाली, "तुमच्या सासूबाई आता कशा आहेत?" ओक-जूने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बऱ्या आहेत."

"पालकांची सेवाशुश्रूषा हे अपवादाच्या यादीत नाहीये," मुलगी म्हणाली. "पण खुलाशाचं पत्र जोडता येतं. समिती ठरवेल. आधी काही सांगता येत नाही. माफ करा हं."

ओक-जूने फोन ठेवला. साडेबारा वाजायला तीन तास होते. तिने खोली पुसली. शिकवणीपुरती भाड्याने घेतलेली वनरूम म्हणजे दोन चटयांएवढी जमीन, ती तीनदा पुसली. दा-ओनच्या चादरीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. आज सांगायचं. आज नाही सांगितलं तर उद्या पाच.

जिन्याखाली दा-ओनने डबा उघडला, वास घेतला.

"आत्याचं कालवण! आजी कशी आहे?"

"बरी आहे. दा-ओन, जेवायच्या आधी ऐक."

तिने सांगितलं. कागदावर आकडे लिहून आणले होते, ते दाखवले. दा-ओनने कागद हातात घेतला. ओठ हलवत बेरीज केली. चमचा डब्यावर आडवा ठेवला.

"हे कधी कळलं तुला?"

"सोमवारी."

"सोमवारी? सकाळी की संध्याकाळी?"

"सकाळी."

"आज गुरुवार आहे."

"हो."

"सोमवारी मी इथेच बसून तुला विचारलं, कागद झाले का. तू म्हणालीस बघतायत."

"बघतच होत्या त्या..."

"आई!" शेजारच्या दोन आया वळल्या. दा-ओनने आवाज खाली आणला. "ते चार दिवस जाऊ देत. आजी आजारी होती, मी पण होते तिथे जानेवारीत, मला दिसत नव्हतं का? पण हे चार दिवस? सोमवार, मंगळवार, बुधवार, आज? मी या परीक्षेचे जुने पेपर सोडवत बसले. रोज चौदा तास. मी दुसरं काहीतरी केलं असतं. विचार तरी केला असता."

"तुझं लक्ष उडेल असं वाटलं."

"लक्ष माझं आहे ना?"

ओक-जूला आदल्या दिवशीचा पंख्याखालचा आवाज आठवला. किड्यांचा आवाज मध्येच थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

दा-ओनने एक घास खाल्ला. मग दुसरा. रडत नव्हती. नुसती भराभर खात होती, वेळ संपत आल्यासारखी.

"सहा अर्ज म्हणालीस?"

"सहा."

"सर्वसाधारण प्रवेशाला शाळेतले मार्क बघतात, आणि माझे मध्यम आहेत. मी ते बघितलेच नाहीत तीन वर्षं. सगळे म्हणायचे त्याची गरज नाही."

"मला माहीत आहे."

"एक इथे टाकू. पाच ठेवू."

"एकच?"

"एकच. जिथे मला खरंच जायचंय तिथे. नाही म्हणाले तर पाच आहेत. पाचांत नाही झालं तर..." तिने डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना. तिने दाबून बसवलं. "पुढचं माहीत नाही. वर्गाला उशीर होतोय."

ती जिना चढून गेली. ओक-जू उभी राहिली. शेजारची एक आई जवळ आली, म्हणाली, "मार्क कमी पडले का? माझी पण काल रडत होती." ओक-जूने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिचं तिलाच कळलं नाही.

*

शुक्रवारी दुपारी साडेतीनला दोघी प्यो मॅडमच्या खोलीतल्या संगणकासमोर बसल्या. प्यो मॅडम बाहेर गेल्या आणि दार ओढून घेतलं.

खुलाशाचं पत्र ओक-जूने हाताने लिहून आणलं होतं. दा-ओनने ते वाचलं.

"आई, हे 'क्षमा असावी' काढ."

"चूक माझी आहे ना."

"त्यांचं कुठे काय बिघडवलंस? आणि हे तीनदा लिहिलंयस."

ओक-जूने पत्र पुन्हा लिहायला घेतलं. तिचं अक्षर गोल होतं, शाळेच्या फळ्यावर आजचं जेवण लिहायची तसं. मधून मधून ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. चारला दहा कमी. चार. दा-ओन खाली बघून अर्ज भरत होती. नाव, शाळा, बापाचा कारखाना, बापाचे दिवस.

"आईचे दिवस," ती म्हणाली. "दहावीचं वर्ष. परदेशात किती?"

ओक-जूच्या हातातलं पेन थांबलं. चौकट लहान होती. तीन आकडे मावतील एवढी.

"दोनशे चाळीस."

दा-ओनने टंकलं. चौकट लाल झाली. खाली एक ओळ उमटली, कमीत कमी दोनशे चव्वेचाळीस हवेत, कारण असल्यास पत्र जोडावे. दा-ओनचं बोट क्षणभर हवेत राहिलं.

"जोडायचं ना?"

"जोड."

चार वाजून वीस मिनिटांनी अर्ज गेला. पडद्यावर एक क्रमांक आला. दोघी त्या क्रमांकाकडे बघत बसल्या. मग दा-ओन उठली आणि शेजारच्या पुस्तकांच्या दुकानात गेली. सर्वसाधारण परीक्षेची पुस्तकं घेऊन आली, दोन हातांत मावणार नाहीत एवढी.

*

त्यानंतरचे पाच आठवडे ओक-जूने फोन हातातून खाली ठेवला नाही. आंघोळीला जाताना तो पिशवीत गुंडाळून न्यायची. सोक-ह्वान दिवसातून दोनदा विचारायचा, "काही?" ती म्हणायची, "नाही." मल-सुन न विचारता कालवणाचे डबे पाठवायची. दा-ओन सकाळी वेगळ्या परीक्षेचा वर्ग करायची आणि दुपारनंतर ती नवी पुस्तकं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. आजीशी फोनवर बोलताना मात्र ती हसायची. फोन ठेवला की पुन्हा वहीत.

ओक-जू तिला काही विचारत नव्हती. चहा द्यायची, फळ कापून द्यायची आणि बाजूला बसायची. मुलीला काय वाटत असेल, याचे तर्क करत तिचा दिवस जायचा. एकदा तिला वाटलं, दा-ओन आपल्यावर चिडलेली राहिली तर बरं. चिडलेली माणसं खातात तरी.

ऑगस्टच्या बारा तारखेला सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी फोन वाजला. संदेश होता. ओक-जू तेव्हा शिकवणीच्या इमारतीसमोर फळवाल्याकडे उभी होती, हातात दोन पीच.

संदेश लांब होता. अर्ज केल्याबद्दल आभार होते. कागदपत्रं काळजीपूर्वक पाहिल्याचं लिहिलं होतं. ती भराभर खाली गेली. शेवटून दुसऱ्या ओळीत शब्द होता. अपात्र.

तिने तो पुन्हा वाचला. फळवाला म्हणाला, "बाई, द्यायचे का हे दोन?" तिने पीच परत ठेवले.

दहा एक्केचाळीस. जेवणाच्या सुट्टीला पावणेदोन तास होते. वर्ग चालू होता. दा-ओन आता जुना पेपर सोडवत असेल. पावणेदोन तासांनी सांगितलं तर काय बिघडणार होतं? मुलीला पावणेदोन तास शांतपणे बसता येईल. खाऊन झाल्यावर सांगता येईल.

ती रस्ता ओलांडून गेली. लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकली होती. ती जिन्याने चढली. पाचव्या मजल्यावर पोचली तेव्हा धाप लागली होती. प्यो मॅडम कॉरिडॉरमध्ये होत्या. त्यांनी तिचा चेहरा बघितला आणि बाजूला झाल्या.

ओक-जूने वर्गाचं दार उघडलं.

सर फळ्याशी थांबले. तीस डोकी वर झाली. जाकार्ताची मुलं, दुबईची, ती चेन्नईची मुलगी. कुणी काही विचारलं नाही. वर्ग चालू असताना दारात आई उभी राहते ती कशासाठी, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. काहींनी लगेच नजर खाली घातली, जणू ते बघितलं तर आपल्यालाही लागेल.

दा-ओन तिसऱ्या ओळीत होती. तिने आईकडे बघितलं. ओक-जूने मान डावीकडून उजवीकडे हलवली, एकदाच.

दा-ओनने पेनला टोपण लावलं. अर्धा सोडवलेला पेपर पालथा घातला. पिशवीत वह्या भरल्या, पाण्याची बाटली घेतली, खुर्ची आत सरकवली. सरांना वाकून नमस्कार केला. मग रांगेतून बाहेर येऊन आईजवळ उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते.

"दार लाव, आई," ती हळूच म्हणाली. "त्यांचा वेळ जातोय."